स्पीच थेरपी करायला कसं शिकवायचं? (इंदूरचा सराव-गट)

सानुनासिक (धागाकर्ती)

इंदुरात आम्ही काही स्पीच थेरपिस्ट मिळून एक सराव-गट सुरू करतो आहोत. गटात मराठी घरांतल्या मुली बऱ्याच आहेत, काही हिंदी भाषक, एक सिंधी. बहुतेक जणी पदवी घेऊन नुकत्याच कामाला लागलेल्या. हा गट कसा चालवावा याबद्दल माझं एक ठाम मत आहे. ते इथे मांडते, कारण या साइटवर शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, पालक आहेत, आणि मला तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

क्षेत्राबाहेरच्यांसाठी थोडक्यात: बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी. १९९२च्या कायद्यानुसार तिच्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. मुलींना कानाची रचना येते, मेंदूतली केंद्रं येतात, ध्वनिशास्त्र येतं. ध्येयं लिहायला सांगा, सुरेख लिहून देतात. अडतं ते त्यापुढे. समोर चार वर्षांचा मुलगा बसलाय, तो ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो, आणि पुढच्या दहा सेकंदांत नेमकं काय करायचं ते सुचत नाही.

याच उदाहरणावर जरा थांबते. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागला पाहिजे, हे पुस्तकात असतं. चार वर्षांच्या पोराला ते सांगून काय उपयोग? अनुभवी थेरपिस्ट त्याला किंचित मागे रेलून बसवते, म्हणजे जीभ आपसूक मागे सरकते. पाणी न घेता गुळणी करायचा खेळ घेते. जिभेचं टोक खालच्या दातांमागे राहावं म्हणून स्पॅच्युलाने, म्हणजे जीभ दाबायच्या चपट्या पट्टीने, हलकं धरून ठेवते, आणि धरते ते फक्त टोक. स्पॅच्युला आत गेला की मुलाला उमासा येतो आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. ‘अंग’ म्हणताना मधला अनुनासिक लांबवायला लावते, कारण तिथे जीभ आधीच जागेवर पोचलेली असते. तिथून ‘ग’ आणि ‘ग’वरून ‘क’. स्वर जोडताना आधी ‘कू’ आणि ‘को’, ‘की’ नंतर, कारण ऊ-ओ म्हणताना जीभ मागेच असते. ‘कप’च्या आधी ‘नाक’ आणि ‘एक’ घेऊन बघते, कारण बऱ्याच मुलांना हा आवाज शब्दाच्या शेवटी आधी जमतो. आवाज यायला लागला की ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रं ठेवून मुलाला मागायला सांगते. त्याला हवी असते कार, तोंडून येतं ‘तार’, आणि बाई खरोखरच तार उचलून हातात देतात. आपलं बोलणं दुसऱ्यापर्यंत काय म्हणून पोचलं, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत घडतं. नवीन मुलगी शेजारी बसून बघते तेव्हा तिला दिसतो खेळ. त्यातले निर्णय तिला दिसत नाहीत, कारण ते कुणी तिच्यासमोर उलगडलेले नसतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. चाळीस मिनिटांच्या सेशनमध्ये मुलाने तो आवाज किती वेळा काढला, हे मोजून बघा. चित्रं दाखवणं, “हे काय आहे?”, स्टिकर, पाणी पिणं, यात वेळ जातो आणि प्रत्यक्ष उच्चार फार थोडे होतात. लिन विल्यम्स यांनी २०१२ मध्ये उच्चारदोषांच्या थेरपीबद्दल लिहिताना तीस मिनिटांत निदान ५० उच्चार आणि दोष गंभीर असेल तर ७०च्या आसपास, असा अंदाज दिला होता. अ‍ॅप्रॅक्सिया (मेंदूला बोलण्याच्या हालचाली नीट जुळवता न येणं) असलेल्या मुलांवर २०११ मध्ये एक अभ्यास झाला. मुलं दोनच होती, पण त्यातही सेशनमध्ये १००च्या वर उच्चार करून घेतले तेव्हा ३०-४० उच्चारांपेक्षा प्रगती लवकर झाली. इतके उच्चार मुलाला न कंटाळवता करून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. खेळ असा निवडावा लागतो की प्रत्येक चालीला पाच-सहा उच्चार सहज होतील आणि खेळाचं सामान आवरण्यात वेळ जाणार नाही.

तिसरी, प्रतिक्रिया. “शाबास” म्हटल्याने मुलाला आनंद होतो, पण कळत काहीच नाही. सुरुवातीला “जीभ मागे गेली, ऐकलंस?” असं नेमकं सांगावं लागतं. आवाज बसायला लागला की सांगणं कमी करायचं, शब्दांची उलटापालट करायची, आणि मुलालाच विचारायचं, “आत्ता कसं झालं?” हालचाली शिकण्याच्या शास्त्रातला हा भाग आहे. सरावाच्या वेळी कामगिरी थोडी घसरलेली दिसते, पण शिकलेलं जास्त टिकतं. पालक बाहेर बसलेले असताना ही तात्पुरती घसरण होऊ द्यायला नव्या मुलींचा धीर होत नाही.

आणि चौथी, थांबणं. प्रश्न विचारल्यावर मुलाला पाच-दहा सेकंद द्यायचे. नवीन थेरपिस्ट दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देते.

यातलं सगळं शिकवता येतं, पण करून घेऊन. तबल्याचे बोल ऐकून पाठ होतात, हात रियाजानेच बसतो. आरसीआयची नोंदणी चालू ठेवायला सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाचे, गुण लागतात, म्हणून कार्यशाळांना आम्ही सगळ्याच जातो. दिवसभर स्लाइड्स, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्यातून माहिती मिळते हे खरं आहे. पण सोमवारी क्लिनिकमध्ये बदल काय झाला, ते बघायला कुणी येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल १९८०च्या सुमारास हेच दाखवून दिलं होतं: व्याख्यान आणि प्रात्यक्षिक पुरत नाही, सराव आणि त्यावर प्रतिक्रिया लागते, आणि नंतर स्वतःच्या वर्गात कुणीतरी सोबत करावी लागते, तेव्हा कुठे नवं तंत्र रोजच्या कामात उतरतं.

म्हणून आमचा बेत असा. एका बैठकीला एकच छोटं कौशल्य. आधी एकीने करून दाखवायचं आणि करताना मोठ्याने सांगायचं की मी आत्ता काय बघितलं आणि म्हणून काय बदललं. मग तिघी-तिघी. एक थेरपिस्ट, एक मूल, एक निरीक्षक. ‘मूल’ झालेलीला कागदावर लिहून द्यायचं की कुठला आवाज चुकवायचा, कधी कंटाळायचं, कधी टेबलाखाली जायचं. मग लगेच प्रतिक्रिया आणि लगेच पुन्हा. आठवड्यात प्रत्येकीने आपल्या क्लिनिकमधला तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीने घ्यायचा आणि पुढच्या बैठकीला तो बघायचा.

मोठ्या बाईने मूल होणं कितपत खरं वाटेल? आणि निरीक्षण करणारीला निरीक्षण कोण शिकवणार? यावर विचार हवाय.

ग्वाल्हेरकर

तुमचा बेत मनापासून आवडला, पण एक गोष्ट लिहितो. माझी बायको इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सेंटरवर थेरपिस्ट आहे. सेंटरचं नाव घेत नाही. तीस-तीस मिनिटांचे स्लॉट, मध्ये पाच मिनिटंही मोकळी नाहीत, पगार सेशनवर. तिथे ती एकटीच. कोण बघणार तिला, आणि ती तरी कुणाला बघणार? कौशल्य कमी पडतं हे खरं, पण त्यामागे ही परिस्थिती आहे. मुलींना शिकवून पुन्हा त्याच स्लॉटमध्ये पाठवलं तर त्या काय करतील?

सानुनासिक

@ग्वाल्हेरकर, स्लॉटचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर आमच्या हातात फारसं काही नाही. पण म्हणूनच तर व्हिडिओ. एकटं काम करणारीला शेजारी बसणारं कुणी मिळत नाही, तीन मिनिटांचा तुकडा पाठवता येतो. वहिनींना आमच्या गटात ऑनलाइन घ्यायला आवडेल. ग्वाल्हेरमध्ये अजून एक-दोघी मिळाल्या तर त्यांची जोडीच करून देऊ.

आणि तीस मिनिटांचाच स्लॉट असेल तर उच्चार मोजणं अधिक गरजेचं आहे असं मला वाटतं.

कानगोष्ट

मी बडोद्याला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे ऐकण्याचं मशीन शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या मुलांबरोबर काम करते. तुमच्या यादीत ऐकण्याचं कौशल्य घाला, म्हणजे थेरपिस्टने स्वतःचा आवाज कसा वापरायचा ते.

डॅनिएल लिंग यांची सहा आवाजांची चाचणी घ्या: आ, ई, ऊ, म, श, स. मशीन नीट चाललंय का, मुलाला सगळ्या पट्ट्यातले आवाज पोचतायत का, हे रोज सकाळी मिनिटभरात कळतं. दिसायला इतकी सोपी की कुणी ती शिकवतच नाही. मग विद्यार्थिनी काय करतात? दर आवाज ठरावीक अंतराने काढतात, त्यामुळे मूल लयीवरून हात वर करतं. आवाज काढण्याआधी भुवया उंचावतात, श्वास घेतात, आणि मूल ते बघून उत्तर देतं. ‘स’ हळू असतो म्हणून तोच जोरात काढतात, आणि ज्या आवाजासाठी चाचणी घ्यायची तिथेच ती फसते. समोर बसून घेतात, तेव्हा ओठ दिसतात.

आमच्याकडे मी विद्यार्थिनीला मुलाच्या शेजारी, मशीन असलेल्या बाजूला बसवते, आणि दुसरीला मागून फक्त अंतरं नोंदवायला सांगते. दोन सेकंद, सात सेकंद, चार सेकंद, मध्ये एकदा काहीच नाही. ‘काहीच नाही’ला मुलाने हात वर केला तर समजायचं की आपण काहीतरी सुगावा देतोय. याला मूल लागत नाही, मैत्रिणीच्या कानात बोळे घालूनही सराव होतो.

आरवची आई

मी थेरपिस्ट नाही. सुदामा नगरला राहते. माझ्या मुलाची थेरपी तीन वर्षं चालली म्हणून लिहितेय.

आधी ज्या ठिकाणी जायचो तिथे मी बाहेर बाकावर बसायचे. दार बंद. शेवटी वहीत लिहून मिळायचं, “घरी दोन शब्दांची वाक्यं घ्या.” कशी घ्यायची? मी घरी त्याला धरून बसवायचे आणि “म्हण, दूध दे, म्हण” असं करायचे. तो रडायचा, मी चिडायचे, सासूबाई म्हणायच्या बोलेल आपणहून, त्याचे बाबाही उशिरा बोलले होते.

नंतरच्या ताईंनी मला आत बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही, नुसतं आम्हा दोघांना खेळताना बघितलं. मग म्हणाल्या, “तुम्ही त्याला छान समजून घेता, तो बोट दाखवायच्या आत वस्तू देता. आता एक करा. द्यायच्या आधी त्याच्याकडे बघून थांबा.” मी थांबले. त्या माझ्या शेजारी बसून हळूच म्हणत होत्या, “अजून… अजून…” आणि त्याने माझ्याकडे बघून “दे” म्हटलं. मग माझ्याकडून त्यांनी ते परत परत करून घेतलं. पोळीच्या वेळी कसं करायचं, आंघोळीच्या वेळी कसं करायचं, हे मलाच विचारलं.

तुमच्या नव्या मुलींना हे शिकवा. मुलाला शिकवणं त्यांना येईल. आईला न दुखावता शिकवणं फार अवघड आहे.

सानुनासिक

आरवची आई, तुम्ही जे लिहिलंत ते मी गटात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

त्या ताईंनी जे केलं त्याला मोठी परंपरा आहे. कॅनडात आयला मॅनोल्सन यांनी १९७५ मध्ये हानेन कार्यक्रम सुरू केला तो याच विचाराने, की आई-बाबांना बघणं, थांबणं आणि ऐकणं शिकवायचं. ऑस्ट्रेलियातला लिडकम कार्यक्रम लहान मुलांच्या अडखळण्यासाठी आहे आणि त्यात थेरपी घरी पालकच करतात. आठवड्याला एकदा क्लिनिकमध्ये येतात, रोज मुलाच्या बोलण्याला ० ते ९मधला आकडा देतात, ० म्हणजे अडखळणं अजिबात नाही. थेरपिस्ट आधी स्वतः करून दाखवते, मग पालकांनी तिच्यासमोर करायचं आणि तिने ते दुरुस्त करायचं. वहीत लिहून दिलं आणि झालं, असं तिथे चालत नाही.

आपल्याकडे तर याची गरज दुप्पट आहे. इंदुरात धार, झाबुआ, खरगोनहून मुलं येतात. बसचं भाडं, बुडालेली मजुरी. महिन्यातून एकदा आले तरी खूप. अशा घरात आईला शिकवणं हीच थेरपी. आणि त्या आईची बोली निमाडी किंवा भिली असते, आमच्या मुली तिच्याशी शुद्ध हिंदीत बोलतात. तर तिघींच्या सरावात आता चौथी भूमिका: आई. हे माझ्या बेतात नव्हतं, तुमच्यामुळे आलं.

अडखळत_बोलणारा

मी लहानपणापासून अडखळतो. अडतीस वर्षांचा आहे, बँकेत आहे, बरा बोलतो, आणि अजूनही अडखळतो.

थेरपी शिकणाऱ्या मुलामुलींना एक काम देतात असं ऐकलंय: बाजारात जाऊन मुद्दाम अडखळून बोला. छप्पन दुकानला, इंदूरच्या खाऊगल्लीत, असा एक घोळका मी पाहिला आहे. एका मुलीने अडखळत मागणी केली, दुकानदाराने तिचं वाक्य पुरं केलं, आणि घोळका बाजूला जाऊन हसला. भीतीमुळे हसले असतील. मला ते फार लागलं. तिला परत येऊन नीट बोलता येत होतं, मला नाही.

हा अभ्यास बंद करा असं मी म्हणत नाही. ती जी धडधड आहे ती त्यांनी एकदा तरी अनुभवावी. पण तो एकट्याने करावा, घोळक्याने नाही, आणि नंतर कुणातरी अडखळणाऱ्या माणसासमोर बसून त्याबद्दल बोलावं.

आणि शिकवायचंच असेल तर हे शिकवा. मी अडकलो की थेरपिस्टची नजर कुठे जाते? बहुतेकांची टेबलावर जाते, वहीवर जाते. एकीची गेली नव्हती. तिने माझ्याकडे तसंच बघत राहून मला शब्द पुरा करू दिला. चेहऱ्यावर घाई नाही, कीव नाही. मी आयुष्यात थेरपिस्ट बरेच बघितले, पैसे देऊन परत जावंसं वाटलं ते तिच्याकडेच.

सानुनासिक

हे वाचून आज बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही म्हणता तेच योग्य आहे. थेरपीत मुद्दाम अडखळण्याचा उपयोग खूप जुना आहे, थेरपिस्टने तो आधी स्वतः करावा यालाही कारण आहे, कारण जे आपण करणार नाही ते क्लायंटला करा म्हणून सांगता येत नाही. पण नंतरचं बोलणं सोडलं तर त्यातलं महत्त्वाचं तेच निघून जातं.

एक विनंती करते, नाही म्हणालात तरी वाईट वाटणार नाही. एका बैठकीला याल का? क्लायंट म्हणून नाही, शिकवायला. मानधन देऊ. नजरेचा सराव तुमच्यासमोर व्हावा.

निवृत्त_मास्तर

मी बी.एड. कॉलेजात आयुष्य घालवलं. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आमचं सूक्ष्म अध्यापन! धागाकर्तीने बहुधा त्या वाटेने विचार केलेला नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सूक्ष्म अध्यापन १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं. भारतात ते आलं आणि त्याचं भारतीय रूप घडलं, त्यात बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातलं ‘केस’ हे शिक्षणाच्या प्रगत अभ्यासाचं केंद्र आणि तेव्हाच्या इंदूर विद्यापीठाचा शिक्षणविभाग यांचा मोठा वाटा आहे. डॉ. बी. के. पासी यांनी आधी बडोद्याला आणि मग इंदूरला हे काम १९७०च्या दशकात केलं. म्हणजे तुम्ही शोधताय ती वाट तुमच्याच गावातून गेलेली आहे.

आमचं चक्र छत्तीस मिनिटांचं असे. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रतिक्रिया, बारा मिनिटांत पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा प्रतिक्रिया. एका चक्रात एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, प्रबलन (बरोबर उत्तराला प्रोत्साहन देणं), उदाहरणासह स्पष्टीकरण, फळ्याचा वापर. विद्यार्थी म्हणून वर्गातलेच सहाध्यायी बसत, त्यामुळे मोठ्या माणसाने मूल होण्याची तुमची शंका आमच्याकडेही होती. सहाध्यायी फार शहाणे विद्यार्थी होतात, अवघड प्रश्न विचारत नाहीत, हा खरा दोष. म्हणून ‘मुला’ला कागद देण्याची तुमची कल्पना मला फार चांगली वाटते.

अनुभवाने दोन गोष्टी सांगतो. बारा मिनिटांची पुनर्आखणी घाईत गाळू नका. विद्यार्थ्याला प्रतिक्रिया मिळते आणि तो लगेच उभा राहतो, तेव्हा फक्त चूक टाळतो. थोडा वेळ मिळाला की वेगळं काही रचतो. आणि निरीक्षकाच्या हातात कोरा कागद देऊ नका. कोऱ्या कागदावर “छान”, “आत्मविश्वास हवा” असंच लिहून येतं. मोजता येईल असं द्या. किती प्रश्न, प्रश्नानंतर किती सेकंद शांतता, किती वेळा मुलाचं उत्तर स्वतःच दिलं. निरीक्षण शिकवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

मात्र सूक्ष्म अध्यापनावर थांबलेले विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात गोंधळतात हेही बघितलंय. सुटी कौशल्यं आली, जोडता आली नाहीत. त्यासाठी पुढे दोन-तीन कौशल्यं एकत्र करण्याचे जोडपाठ घ्यावे लागतात.

सानुनासिक

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी परत परत वाचला. पासी सरांचं काम इंदुरातलं आहे आणि आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, याचं नवल वाटतं. तुमच्या वेळचा निरीक्षणाचा तक्ता कुठे मिळेल का?

दांडियाबाजार

बडोद्याहून. मी इस्पितळात गिळण्याच्या त्रासाच्या पेशंट्सचं काम बघते, स्ट्रोक, डोक्याला मार, कॅन्सर. सरावाच्या बाजूनेच आहे, पण एक सावधगिरी सांगते: आमच्या कामातली काही कौशल्यं सोंग घेऊन शिकता येतात, काही नाही. पेशंटला ठसका न येता अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि मैत्रीण कितीही चांगलं सोंग करो, ते तिला दाखवता येणार नाही. तिथे अनुभवी माणूस शेजारी हवाच. अमेरिकेतही थेरपिस्टच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या ४०० तासांपैकी सिम्युलेशनचे, म्हणजे सोंगाच्या सरावाचे, जास्तीत जास्त ७५ धरतात.

पण जे शिकता येतं ते खूप आहे. माझ्या विद्यार्थिनींना मी एकमेकींना भरवायला लावते. जिला भरवायचं तिने बोलायचं नाही, हात वापरायचे नाहीत. चमचा वरून आला की मान आपोआप वर जाते, आणि मान वर करून गिळणं कित्येक पेशंट्सना धोक्याचं. हे त्यांना स्वतःच्या मानेत कळतं. पहिला घास गिळायच्या आत दुसरा आला की कसं वाटतं तेही कळतं. यानंतर त्या पेशंटच्या नातेवाइकांना ओरडत नाहीत, समोर बसून चमचा खालून आणायला दाखवतात.

दुसरं, दाटपणा. इड्सी (पेशंटच्या अन्नाच्या दाटपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) हिच्या पद्धतीत १० मिलीच्या सिरिंजमध्ये द्रव भरून १० सेकंद सोडायचा आणि किती उरला ते बघायचं. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, ८च्या वर, पण थोडं तरी वाहिलं, तर तिसरी. विद्यार्थिनींना घरून वरण, कढी, ताक आणायला सांगा आणि मोजायला लावा. सिरिंज त्याच पद्धतीची हवी, लांबीत फरक असेल तर उत्तर चुकतं. आणि वरण गरम असताना मोजलं आणि निवल्यावर भरवलं तर ते वेगळंच अन्न झालेलं असतं. भरवताना जेवढं गरम असेल तेवढंच मोजताना असावं. हे एकदा हाताने केलं की विसरत नाहीत.

नर्मदाकाठी

मी या वर्षी पदवी घेतली. तुमच्याच गटात येणार आहे. खरं सांगते, व्हिडिओचं वाचून पोटात गोळा आला. इंटर्नशिपमध्ये माझं सेशन एकदा सगळ्यांसमोर लावलं होतं आणि एकेकाने चुका सांगितल्या. नंतर कितीतरी दिवस मला मुलासमोर बसताना आपला हात कसा दिसतोय तेच सुचायचं.

शिवाय इतकं मोजमाप केलं तर मुलाबरोबरचं नातं राहील का? काही ताई काहीच मोजत नाहीत आणि मुलं त्यांच्याकडे धावत जातात.

सानुनासिक

@नर्मदाकाठी, बरं झालं लिहिलंस. जे तुझ्याबाबतीत झालं ते गटात होणार नाही, याची जबाबदारी माझी. नियम असा ठेवू: व्हिडिओ आधी तू एकटी बघायचास. त्यातला कुठला तुकडा दाखवायचा ते तू ठरवायचंस. दाखवताना एक प्रश्न तू विचारायचास, आणि आम्ही त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं. पहिल्या व्हिडिओत कुणी न विचारलेलं काहीही सांगायचं नाही. जीन अँडरसन यांनी १९८८ मध्ये सुपरव्हिजनच्या पायऱ्या मांडल्या, त्यात सुरुवातीला सुपरव्हायझर सांगते, मग दोघी मिळून विचार करतात, आणि शेवटी थेरपिस्ट स्वतःची सुपरव्हायझर होते. आपल्याला त्या शेवटाकडे जायचंय, म्हणून प्रश्न तुझा.

नात्याबद्दल: ज्या ताईंकडे मुलं धावत जातात त्यांचा व्हिडिओ बघ. त्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसतात, त्याच्या हातातल्या खेळण्याबद्दल बोलतात, त्याचा शब्द उचलून एक शब्द वाढवून परत देतात. हीसुद्धा कौशल्यंच आहेत आणि तीही सरावाने येतात. मोजमाप सेशनभर करायचं नाही. पाच मिनिटांचा तुकडा मोजला तरी पुरतं, आणि तो निरीक्षकाने मोजायचा, तू मुलाकडेच बघ.

ग्वाल्हेरकर

बायको वाचतेय मागे उभी राहून. ती म्हणते, येते गटात. आणि तिची एक सूचना: मराठी मुलांची तपासणी हिंदी भाषक थेरपिस्ट करतात तेव्हा ‘चाक’ आणि ‘चमचा’तला च त्यांना दोष वाटतो, कारण हिंदीत तो नाही. मूल बरोबर बोलत असतं आणि अहवालात उच्चारदोष लिहिला जातो. तर तिघींच्या गटात भाषा मिसळून ठेवा, म्हणजे ऐकण्याचाही सराव होईल.

सानुनासिक

वहिनींना सांगा, पहिल्याच बैठकीला त्यांनी हे ऑनलाइन घ्यावं. उलट बाजूनेही लागेल. ‘ळ’ घरात ज्याने ऐकलाच नाही त्या हिंदी भाषक मुलाकडून आम्ही तो मागू नये.

तर आतापर्यंतचं ठरलेलं लिहिते. येत्या रविवारी सकाळी दहाला, रामबागेत माझ्या क्लिनिकवर. पहिलं कौशल्य: थांबणं. विषय मुद्दाम सोपा घेतलाय, साहित्य लागत नाही आणि मोजता येतं. मास्तरांच्या छत्तीस मिनिटांच्या चक्राने जाऊ, पुनर्आखणीची बारा मिनिटं न गाळता. तिघींऐवजी चौघी. मूल, आई, थेरपिस्ट, निरीक्षक. ‘क’ दुसऱ्या बैठकीला, सहा आवाजांची चाचणी तिसऱ्या. गिळण्याचं काम वेगळं, त्याला अनुभवी कुणीतरी सोबत असल्याशिवाय हात घालणार नाही. @दांडियाबाजार, तुम्ही इंदूरला कधी येणार असाल तर कळवा, भरवण्याचा सराव तुमच्यासमोरच घेऊ. @अडखळत_बोलणारा, तुमच्या उत्तराची वाट बघते.

निवृत्त_मास्तर

तक्ता माझ्या कपाटात आहे, स्कॅन करून पाठवतो. त्यात ‘फळ्याचा वापर’ आहे तिथे तुमचं कौशल्य लिहा. शांततेच्या सेकंदांसाठी स्टॉपवॉच नको, निरीक्षकाने मनात मोजावं, स्टॉपवॉचकडे बघताना चेहरा बघायचा राहतो.

अडखळत_बोलणारा

येतो. रविवार चालेल, पण हा रविवार नको, नजरेचा विषय असेल त्या दिवशी. मानधन नको, चहा चालेल. एक अट आहे: मी बोलत असताना कुणी मान डोलवून “हो हो” करू नये. बाकी काही विचारलं तरी उत्तर देईन.

कानगोष्ट

सहा आवाजांच्या चाचणीसाठी मी ऑनलाइन अर्धा तास देते. प्रत्येकीने आधी स्वतःचा सहा आवाजांचा ऑडिओ फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, ‘स’ आणि ‘आ’च्या जोरात किती फरक पडतो ते एकत्र ऐकू.